धुळ्याला न गेलेली गाडी

सर,

ट-ट-टक्, ट-ट-टक्, ट-ट-टक्, ट-ट-टक्. रविवारी सकाळी तुमच्या वरणगावच्या घराच्या अंगणात ती राखाडी गाडी सुरू झाली की बॉनेटखालून असा आवाज यायचा आणि तुम्ही हात वर करून मला गप्प करायचात. "ऐक. लघु, लघु, गुरू. गण कोणता?" मी तेव्हा दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला लागलेला, मिशी राखलेला माणूस, पण तुमच्यापुढे पुन्हा नववीच्या बाकावर बसल्यासारखा यमाताराजभानसलगं पुटपुटत बोटांवर मोजायचो. "स गण, सर." "सिलिंडर किती?" "चार." "चार स गण. वृत्त?" "तोटक." "शाबास. म्हणजे गाडी तोटकात चालली आहे." मग चष्मा कपाळावर सरकवून, अगदी गंभीर चेहऱ्याने, "आता प्रश्न एवढाच, की हे कवीनं मुद्दाम केलंय की टॅपेट ढिला आहे?" आतून काकू ओरडायच्या, "कवी जेवायला येणार आहेत का? तवा तापलाय माझा." कवी यायचे नाहीत. कवी पाना घेऊन इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण उघडायचे, आणि कळण्याच्या भाकरीचा वास अंगणापर्यंत येऊन परत जायचा.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण माझ्याही अंगणात एक गाडी उभी आहे आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ती घेतली. तीन सिलिंडरची पांढरी, छोटी. तुमच्या गाडीपुढे खेळणं. तेव्हा नवी होती, आता तीही म्हातारी झाली. थंडीत माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन धुळ्याला केलं, मुलगी तिथे दिलेली म्हणून. पंधरा-वीस दिवसांत परत यायची होती. थंडी गेली, होळी झाली, आता इथे जळगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि ती अजून तिकडेच आहे. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, घर बंद करा अन् तुम्हीच इकडे या. आईला इथे लिफ्ट आहे, नातू आहे, मी आहे. तिथे कोण आहे?" मी म्हणालो, "गाडी दुरुस्त झाली की मी स्वतः येतो आणि तिला घेऊन जातो." मागून जावई हसत म्हणाले, "मग आईंचा मुक्काम कायमचाच समजायचा!" सगळे हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मला वाटलं, हिचं हसू त्यात ऐकू आलं का? आलं असेल. नक्की सांगता येत नाही.

तर पैज अशी लागली आहे. कुणी बोलून लावली नाही, पण लागली आहे. गाडी धुळ्याला पोचली तर आमचं घर राहील, नाही तर कुलूप लागेल.

उभी राहून राहून गाडीतलं पेट्रोल आटलं होतं आणि कार्बोरेटरमध्ये त्याचा डिंकासारखा थर झाला होता. मी तो काढून स्वयंपाकघरात आणला. ओट्यावर, हिच्या पोळ्यांच्या परातीत, पेट्रोल ओतून एकेक भाग धुतला. (गॅसचा कॉक आधी बंद केला होता, ओरडू नका.) त्यानंतर दोन दिवस माझ्या वरणाला पेट्रोलचा वास येत होता. नातवानं मला मोबाइलवर व्हिडिओ कसे बघायचे ते शिकवून ठेवलं आहे. एक माणूस म्हणतो, पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या छिद्रात बारीक तार घाला, कचरा निघेल. दुसरा म्हणतो, तार घातली तर कार्बोरेटर मेला समजा. दोघेही हातवारे करून सांगतात, दोघांचेही शर्ट स्वच्छ. मला तुमचं आठवलं, "तार घालू नकोस, छिद्र मोठं होईल. फुंकर घाल." की हे मीच तुमच्या तोंडी घालतोय? तुम्ही फुंकर घालताना मला दिसता, गाल फुगलेले, ओठांना काळं लागलेलं. पण बोलताना दिसत नाही. शेवटी मी फुंकर घातली.

मग प्लगच्या वायरी. तुमचं सूत्र मला झोपेतही येतं: एक, तीन, चार, दोन. ठिणगी या क्रमानं पडायची. मी एकदा विचारलं होतं, सरळ एक, दोन, तीन, चार का नाही? तुम्ही म्हणालात, "सगळे ओळीनं बोलत गेले की भांडण होतं. इंजिन हादरतं. म्हणून एकानं बोलायचं, मग पलीकडच्यानं." माझ्या गाडीत चौथा नाही. तुमच्या सूत्रातला चार गाळला तर एक, तीन, दोन उरतं, आणि गंमत म्हणजे माझ्या गाडीचा क्रम तोच आहे. या शोधाचा मला इतका आनंद झाला की मी एकटाच अंगणात मोठ्याने म्हणून पाहिलं. वायरी लावल्या. सेल्फ मारला. गाडी शिंकली, कार्बोरेटरच्या तोंडातून फाट् करून जाळ आला आणि लिंबावरचे कावळे उडाले. मग लक्षात आलं की मी एक नंबरचा सिलिंडरच चुकीचा धरला होता. तुमच्या गाडीचं इंजिन उभं बसवलेलं, एक नंबर पुढे, रेडिएटरपाशी. माझ्या गाडीचं इंजिन आडवं. आडव्या इंजिनात पुढे म्हणजे कुठे? मी डावीकडून मोजलं. मोजायला हवं होतं उजवीकडून, पट्ट्याच्या बाजूनं. सूत्र पाठ होतं, सुरुवात कुठून करायची ते विसरलो. शाळेतही माझं असंच व्हायचं, आठवतं? कविता सगळी यायची, पहिला शब्द तुम्हाला द्यावा लागायचा.

गल्लीच्या तोंडाशी स्पेअर पार्टचं दुकान आहे. दुकानदार मारवाडी, त्याचे आजोबा राजस्थानातून आले, हा मात्र आपल्याहून पक्का जळगावकर. कार्बोरेटरचं रबर-किट मागितलं तर म्हणाला, "काका, ह्या गाडीचा पार्ट माझ्याकडे नाही, गोडाऊनला नाही, कंपनीकडे नाही. एकच जागी आहे."

"कुठे?"

"तुमच्या अंगणात! भंगारमध्ये द्या काका. माझा माणूस पाठवू काय?"

"तुझ्या आजोबांना सांगेन मी."

"ते वर आहेत."

"तिकडेच सांगेन. आता उशीर नाही फार."

तो हसून आत गेला आणि पंधरा मिनिटांनी धुळीने माखलेलं किट घेऊन आला. म्हणाला, "काकूंना आणायला चालले ना? घ्या. बसनी आणा पण, मी सांगतो ते ऐका." सगळ्या गल्लीला माहीत आहे. मलाच एकट्याला नीट माहीत नाही, मी काय करतोय ते.

तुम्हाला आठवत असेल, लग्नाचा आहेर म्हणून तुम्ही मला फिलर गेज दिली होती. पोलादाची पातळ पातळ पानं, पंख्यासारखी उघडणारी. टॅपेट आणि झडप यांच्यामध्ये किती फट ठेवायची ते त्या पानांनी मोजतात. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्यांनी घाईने वरून एक खणाचा तुकडा ठेवला. हिने ती पानं उलगडून पाहिली आणि विचारलं, "हे काय हो?" तुम्ही म्हणालात, "दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं ते यानं कळतं, मुली. फार ठेवलं तर खडखडाट होतो. अजिबात ठेवलं नाही तर आवाज बंद, आणि आतल्या आत झडप जळते. वाजतो तो टॅपेट बरा." हिला वाटलं तुम्ही तिला टोमणा मारताय. परतीच्या वाटेवर मला म्हणाली, "तुमना सरनी माले बडबडी म्हन्तं का?" हिचं माहेर धुळ्याकडचं, मनातलं बोलायचं झालं की ती अहिराणीवरच येते. मी समजावलं की ते इंजिनाबद्दल होतं. आज मला तेही खात्रीनं सांगता येणार नाही.

कारण सध्या आमच्याकडे आवाज बंद आहे. ती रोज संध्याकाळी फोन करते.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं?"

"भरीत."

"गाडी झाली का?"

"होतेय."

"बरं."

या 'बरं'पाशी मी अडकलो आहे, सर. पूर्वी ती एवढ्यावर थांबत नसे. भरीत म्हटलं की वांगी कुठून आणली, काड्यांवर भाजली की गॅसवर, तेल किती ओतलं, असं सगळं विचारून मला वेड्यात काढायची. आता नुसतं बरं. या बरंमध्ये घाई करा असं आहे, की करू नका असं? तिला तिकडे करमतं आहे. नातू तिच्या कुशीत झोपतो. लिफ्ट आहे, पायरी चढावी लागत नाही. इथे आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या, आणि संडास मागच्या अंगणात नसला तरी मोरी उंच. तिला यायचं आहे का, हे एका वाक्यात विचारता येईल. मी विचारत नाही. फोन ठेवतो आणि रात्रभर त्या दोन अक्षरांचा अन्वय लावत बसतो. अकरावीला तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर झापलं होतं, "तू कवितेचा अर्थ इतका काढतोस की कविता म्हणायचीच राहून जाते. बस खाली." मी बसलो. मला वाटतं मी अजून तसाच बसलेलो आहे.

आणि आता जे विचारायला हे पत्र लिहायला घेतलं, ते. काकूंच्या थोरल्या बहिणीचं घर धुळ्याला होतं. दर रविवारी काकू म्हणायच्या, धुळ्याला जाऊन येऊ. दर रविवारी तुम्ही म्हणायचात, एवढा टॅपेट बसवतो, एवढा प्लग साफ करतो, पुढच्या रविवारी नक्की. शेजारचे विचारायचे, "मास्तर, गाडी घेतली आहे की पाळली आहे?" मुलांच्या निबंधाच्या वह्यांवर गुणांशेजारी तुमच्या अंगठ्याचा काळा ठसा असायचा आणि मुलं म्हणायची, सरांनी सही पण केली आणि अंगठा पण दिला. मग एका उन्हाळ्यात आपण खरोखर निघालो. तुम्ही चालवताय, मी शेजारी, मागे काकू, त्यांच्या मांडीवर ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, तुम्ही खुशीत होतात, मला वृत्तं विचारत होतात. एरंडोलच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

ऊन असं आहे की डांबर चपलेला चिकटतंय. तुम्ही बॉनेट उघडता, हात लावता, हात झटकता. पेट्रोलच्या पंपात वाफ धरली आहे, पेट्रोल पुढे सरकत नाही. बाजूच्या केळीच्या बागेतून डोक्याला उपरणं गुंडाळलेला एक शेतकरी येतो.

"काय जयं, मास्तर?" तुम्ही मास्तर आहात हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

"तापली हो."

"तापेल शे ना. माणूसबी तापस या उनमा. थांबा, तिले गार करूत."

तो बागेत जातो आणि कापलेल्या केळीच्या खोडाचं हातभर ओलं सोपट सोलून आणतो. त्यातून पाणी ठिबकतंय. ते तो पंपाभोवती गुंडाळतो, केळीच्याच दोरानं बांधतो, वर आणखी एक. तुम्ही लहान मुलासारखे बघताय. "वा," तुम्ही म्हणता, "वा, काय उपमा आहे." तो केळीकडे बोट दाखवून म्हणतो, "उपमा नही, केय शे." काकू तेवढ्यात पहिल्यांदा हसतात. आपण बागेच्या सावलीत बसतो, माझ्या शर्टाला केळीचा चीक लागून जो डाग पडला तो पुढे कधी गेला नाही. थोड्या वेळानं तुम्ही सेल्फ मारता आणि गाडी सुरू होते. छान सुरू होते. तोटक नाही, खडखड नाही, नुसती गुणगुण. शेतकरी म्हणतो, "आते जा. धुये काही दूर नही." तुम्ही त्याला नमस्कार करता, गाडी रस्त्यावर घेता, आणि वळवता. जळगावकडे.

बऱ्याच अंतरावर तुम्ही म्हणालात, "इंजिनावर जोर आला असता." काकू मागून म्हणाल्या, "हो." मग त्यांनी बिबड्यांचा डबा पुढे माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाल्या, "घे रे, तू खा." मी कोरड्या बिबड्या कुरकुर खात वरणगावपर्यंत आलो. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

गाडी सुरू झाली होती, सर. मग तुम्ही वळवलीत का? त्या बहिणीच्या घरी तुम्हाला कुणी कधी काही बोललं होतं का? की तिथे गेल्यावर काकूंना राहावंसं वाटेल, अशी धास्ती होती? की खरोखर इंजिनाचीच काळजी? मी तेव्हा विचारायला हवं होतं असंही नाही. विचारलं असतं तर तुम्ही मला एखादा गण विचारला असता. आणि ते सगळे रविवार, ते काढलेले प्लग, ती उघडलेली झाकणं. त्या गाडीला खरोखर एवढं काही होत होतं का? मला तुमच्यावर आरोप करायचा नाही. तुमच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. पण या महिन्यात माझ्या अंगणात बसून, हात काळे करून, मला तुमची पाठ दिसते, बॉनेटमध्ये वाकलेली, आणि आता पहिल्यांदाच वाटतं की त्या पाठीला घराकडे बघायचं नव्हतं. किंवा माझा समज चुकीचा असेल. तुम्ही नुसतेच गाडीवर प्रेम करणारे गृहस्थ असाल. काकू गेल्या, त्यांना विचारता येत नाही. तुम्हाला विचारतोय, आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. टाकायचं नाहीच आहे.

म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकतो, घरात दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही. माझी गाडी सुरू झाली आहे. मंगळवारी सकाळी, पहिल्याच सेल्फला. तुमच्या पानांनी टॅपेट लावले, एक नंबर उजवीकडून धरला, आणि ती अशी लागली की मी बाजूला उभा राहून ऐकतच राहिलो. तीन सिलिंडरचं वृत्त कोणतं ते मला लागलं नाही, पण चूक एकही नव्हती. गल्लीतून एक चक्कर मारून आणली. स्पेअर पार्टवाल्यानं दुकानातून हात केला. मग मी तिला अंगणात लावली, बंद केली, आणि बॉनेट उघडून कार्बोरेटर पुन्हा काढला. काही कारण नव्हतं. संध्याकाळी फोनवर म्हणालो, होतेय. ती म्हणाली, बरं. आज शुक्रवार आहे आणि कार्बोरेटर अजून परातीत आहे. मी धुळ्याला जाऊन दारात उभा राहिलो आणि ती म्हणाली की मी इथेच राहते, तुम्हीही राहा, तर मी काय करणार? सुरू गाडी घेऊन एकटा परत येणार? बंद गाडीत निदान तेवढं ऐकावं लागत नाही.

थांबा, बाहेर रिक्षा थांबली आहे. दुकानदारानं भंगारवाला खरंच पाठवला की काय. खिडकीतून रिक्षावाला दिसतोय, मागून एक बॅग काढून फाटकाशी ठेवतोय. आता दुसरी. हिने जाताना दोनच नेल्या होत्या. रिक्षातून आधी काठी बाहेर आली, मग ऑपरेशनचा पाय, हळूच, मग दुसरा. सोबत कुणी नाही. रिक्षावाला हात द्यायला पुढे झाला, त्याला तिने बाजूला केलं. फाटक उघडून ती गाडीपाशी थांबली आहे, उघड्या बॉनेटमध्ये वाकून बघते आहे, कार्बोरेटरच्या जागी भोक आहे तिथे. काय बघते आहे एवढं? आता ओट्याच्या पहिल्या पायरीवर काठी टेकवली आहे. मला उठून जायला हवं आणि मी हे लिहितोच आहे.

"घरमा कोनी शे का? की मीच येऊ वर?"